ह्यांच्या पिच्चरमदल्या बायकोचं मयत

मला ज्या बाईचा लई राग येतो ती बाई पिच्चरमदी मरती. खरी जिती हाय, पुन्याला ऱ्हाती, मला फोनवर वहिनी म्हनती. पन पिच्चरमदी ती मरती आन आमचे हे तिच्यासाठी रडतेत, आन ते रडनं बगून आख्खं टाकीज रडलं. मी तेवढी कोरडी बसलते, लेकरू मांडीवर घिऊन. मला रडू आलंच न्हाई, मला जळाया लागलं. आता सांगते तर समदं सांगते, नीट सांगता येईल का न्हाई म्हाईत न्हाई, मी आठवीपस्तोरच साळंत गेलेली, आन बोलाया लागले की मला दम लागतो.

आमचं गाव गेवराई तालुक्यात, उमापूरच्या अलीकडं. हे गेवराईला पान्याच्या मोटारी आन पाइपाच्या दुकानात कामाला हायत. ते झालं पोटाचं काम. मनाचं काम म्हंजी लोकायला हासवनं. लग्नाच्या आदीपासून हे आन ह्यांचे दोगं मितर मोबाइलवर कामेडीचे व्हिडिओ करतेत. हे लुगडं नेसून, डोक्यावर पदर घिऊन एक भांडकुदळ म्हातारी करतेत. ती म्हातारी सुनंला टोमने मारती, दूधवाल्याशी भांडती, सरपंचाला बी सोडत न्हाई. लुगडं माज्या सासूचं, टोमने बी निम्मे तिचेच. लोकायनी त्या म्हातारीला लई डोक्यावर घेतलं. बीडच्या ष्ट्यांडवर उतरलं की कॉलेजच्या पोरी पळत येतेत, "ए म्हातारे, फोटू काडू दे की!" माज्या नवऱ्याच्या गळ्यात हात टाकून फोटू काडतेत आन त्येला म्हातारे म्हनतेत. मी बाजूला पिशवी धरून उबी. कुनी इचारत न्हाई ही कोन.

ह्यांना कुनाच्या मयताला जाता येत न्हाई. खरंच सांगते. माज्या चुलत सासऱ्याची माती व्हती, हे तोंड पाडून उबे ऱ्हायले तर पावन्यातला एक जन ह्यांच्याकडं बगून खाली मान घालून खुसूखुसू हासाया लागला. त्येचं बगून दुसरा. मयताम्होरं हासू! सासू घरी आल्यावर म्हनली, "तू आता कुनाच्या मातीला जाऊ नको बाबा. तुजं थोबाडच तसं झालंय." तवापासून हे तिसऱ्या दिवशी जातेत, गुपचूप, मागच्या दारानं.

आता माज्या बाळंतपनाचं सांगते, कारन सगळी गोष्ट तिथंच आडकलीय. पोरगी बीडला झाली. रगत लई गेलं माजं. दोन बाटल्या चडवल्या, तिसरी आनाया मानूस पळाला, आन मला ट्रालीवर परत आत न्यायले. दार उगडंच व्हतं. आन भाईरून मला ह्यांचा आवाज आला. ह्यांचा म्हंजी त्या म्हातारीचा. म्हातारी कुनालातरी म्हनायलीती, "आमच्या सुनंला झोपायची लई हौस हाय गं, घरी झोपू देत न्हाई म्हनून हितं यिऊन झोपलीय." आन माजी आई, माजी सासू, बाजूच्या खाटंवरची बाई, सगळ्या हासायल्यात्या. मला वाटलं मी चालले आन हे हासवायलेत.

मी जगले. घरी आले. ह्यांनी पोरीला डोक्यावर घेतलं, माजं बी दुखलंखुपलं बगितलं, तसं न्हाई म्हनायचं. पन ते हासनं माज्या पोटात ऱ्हायलं. तुमाला माज्यासाठी रडू आलं का, एवढं मला इचारायचं व्हतं. तेवढंच. आन इचारायची छाती व्हईना. न्हाई म्हनले तर?

पोरगी सहा म्हयन्याची झाली आन डायरेक्टर आला. पुन्याचा, दाडीवाला, व्हिडिओ बगून आलता. आमच्या वसरीवर बसून च्या पेला आन मला म्हनला, "वहिनी, ह्यांच्या डोळ्यांत केवढं दुःख आहे, तुम्हाला कधी जाणवलं नाही?"

मी म्हनलं, "मला त्यात झोप दिसती नुस्ती."

तो हासला. मंग सांगाया लागला की हासवनारा मानूस रडला तर बगनाऱ्याला दुप्पट रडू येतं. मोठमोठे कामेडीवाले असंच करतेत म्हनला, एक रडका पिच्चर करतेत आन मंग लोक म्हनतेत, अरे हा तर खरा नट निगाला. सासूनं इचारलं, "आन ह्याला रडूच न्हाई आलं तर?" डायरेक्टर म्हनला, "डोळ्यात घालायचं औषध असतं की, मावशी."

मंग त्येनं गोष्ट सांगितली. गरीब मानूस, त्येची बायको बाळंतपनात मरती, मागं तान्हं लेकरू. मी चुलीम्होरं बसलते, माजे हातच थांबले. म्हंजी माजंच की. फकस्त मी जगले.

हे त्या दिवसापासून आरशाम्होरं रडाया बसायले. डोळे बारीक करायचे, व्हट थरथर करायचे, आन मदीच ती म्हातारी यायची तोंडावर. मी पोळ्या लाटता लाटता बगायची. मनातून मला लई बरं वाटायचं. म्हनायची, न्हाईच जमत ह्यांना. कुनासाठीच जमत न्हाई, मंग माज्यासाठी न्हाई जमलं त्येचं काय एवडं.

ती बाई आली तवा मी तिला बगूनच घेतलं. पिच्चरमदली बायको. बारीक, उजळ, बोलनं गोड. माज्या हातची भाकरी खाल्ली, माज्या पोरीला घेतलं, पोरगी तिच्याकडं गेली बी, रडली न्हाई. हरामखोर पोरगी. ती बाई ह्यांना म्हनायची, "तुम्ही जेवलात का?" आन हे म्हनायचे, "व्हय, जेवलो." माज्या म्होरं ह्यांनी आयुष्यात कदी जेवलो असं सादं उत्तर देलं न्हाई, दर बारीला कायतरी चेष्टा. तिच्याम्होरं कसे शान्यावानी बोलायले. तिनं वाईट वागावं म्हनून मी वाट बगत व्हते, म्हंजी मला राग तरी धरता आला असता. पन ती चांगलीच वागायली.

पिच्चरमदी तान्हं लेकरू लागत व्हतं. डायरेक्टर म्हनला, तुमची मुलगी द्या दोन तास. मी न्हाई म्हनलं. मेलेल्या बाईच्या कुशीत माजं लेकरू? मंग त्यायनी एक भावली आनून दुपट्यात गुंडाळली. तेवढं मातुर मी जिंकले.

मयताचं शूटिंग आमच्याच अंगनात व्हतं. आमच्या गल्लीतल्या पंदरा-ईस बाया बलावल्या, रडायला. डायरेक्टर म्हनला, "तुम्ही गावात जसं खरं करता तसंच करा, मी काही सांगणार नाही." शूटिंगच्या कपडेवाल्या पोरानं पांडरी चादर आनलीती, ती त्या बाईवर टाकली. तशी आमच्या गल्लीतली एक म्हातारी, जी गावातल्या सगळ्या मेलेल्या बायांची न्हानी-धुनी करती, तीच पुडं झाली.

"नवरा जिता हाय ना हिचा?"

"हो, आजी, तो काय बसलाय."

"मंग पांडरं कावून? सवाशीन हाय ती. सवाशिनीचं मयत असं जातं व्हय? काडा ते."

आन बाया कामाला लागल्या. हळद आली, कुकू आलं, हिरव्या बांगड्या आल्या, वटीला खन-नारळ आला. लुगडं कुठून आनायचं तर माजी सासू आत गेली आन पेटीतून माजा लग्नाचा शालू घिऊन आली. मला इचारलं बी न्हाई. मी म्हनलं, "आत्या, माजा हाय तो." सासू म्हनली, "अगं पिच्चरमदी दिसंल की तुजा शालू, येडे." माज्या शालूत तिला नेसवलं. नाकात कापूस घातला, कपाळभर कुकू लावलं. दिसायली बी अशी की काय सांगू. मेल्यावर मानूस एवडं चांगलं दिसतं का? मदी मदी शूटिंग थांबलं की ती नाकातल्या कापसासकट उटून मोबाइल बगायची, आन परत मरायची.

आन हे रडले. औषध घालायचं काम पडलं न्हाई. तिचं डोकं मांडीवर घेतलं, तिच्या केसातून हात फिरवला आन म्हनले, "ए, उठ की. च्या गार व्हायलाय." एवढंच. आन ह्यांचे खांदे हालाया लागले, नाकातून पानी. गल्लीतल्या बाया आदी खोटं रडायल्यात्या, त्या खऱ्या रडाया लागल्या. चार येळा घेतलं ते, वेगळ्या वेगळ्या बाजूनं, चारी येळा हे रडले. मी मोजलं. हे कुठं व्हतं एवडे दिवस? कुठं ठिवलंतं? आन पयल्यांदा भाईर काडलं ते हिच्यासाठी?

आता आमच्यात असं हाय, सवाशीन गेली की बाकीच्या सवाशिनी तिच्या कपाळाचं कुकू बोटानं घेतेत आन आपल्या कपाळाला लावतेत. नवऱ्याच्या म्होरं गेली, भाग्याची, मला बी असंच मरन यिऊ दे म्हनून. डायरेक्टरला हे म्हाईत न्हवतं. पन बायायला खरं करा म्हनलंतं, त्यायनी खरं केलं, येका मागं येक रांगच लागली. क्यामेरा चालूच. सासूनं मला मागून ढकललं, "जा गं, घे."

मी गेले. खाली बसले. तिचं डोकं ह्यांच्या मांडीवर, हे डोळे गाळायलेत, आन मी कोन, तर शेजारीन. मला बोटानं हिचं कुकू घ्यायचंय, आन म्हनायचंय, मला बी हिच्यावानी मरन दे. हिच्या नवऱ्याच्या म्होरं. हिचा नवरा कोन? माजाच की! माजं डोकं फिरलं. मी बोट लावलं आन मला काय झालं काय म्हाईत, मी आख्ख्या पंजानं तिचं कुकू पुसलं. कपाळावरून आडवा हात मारला, पार कानापस्तोर.

आन मंग मला कळलं मी काय केलं. नवरा बसलेला आसताना बायकोचं कुकू पुसलं म्हंजी काय, हे आमच्याकडं लेकराला बी कळतं. आन तो नवरा माजाच. माज्या हातानं मी माज्याच मालकाचं कुकू पुसलं. मागून सासू वरडली, "माज्या लेकाचं कुकू पुसलं गं हिनं! अगं बया, काय केलंस!"

ह्यांनी मान वर करून माज्याकडं बगितलं. एक घडी बगितलं. आन मंग असे रडले की आदीचं चार येळचं काईच न्हाई त्याच्याम्होरं. आवाजच न्हाई, नुस्तं तोंड उगडं. डायरेक्टरनं शूटिंग थांबवलं न्हाई. झाल्यावर माज्याकडं पळत आला, "वहिनी, काय सुचलं तुम्हाला! हे लिहिलंच नव्हतं! राग आहे, विरह आहे, सगळं आलं!" मी म्हनलं, "मला पानी द्या." ती बाई उटून बसली, कपाळ लाल फरफटलेलं, आन मलाच इचारायली, "वहिनी, बऱ्या आहात ना?"

तवापासून माज्या जिवात जीव न्हाई. हे मोटरसायकलवर गेवराईला जातेत, रस्त्यानं उसाच्या ट्राल्या, ट्रका. पोचले का म्हनून धा वाजता फोन, जेवले का म्हनून एक वाजता फोन, निगाले का म्हनून फोन. दुकानातले चिडवायचे, "तुमच्या बायकोला तुमच्यावर लई वहीम हाय का वो?" हे म्हनायचे, "वहीम न्हाई, हजेरी घेती." सासूनं मला परळीला वैजनाथाला नेलं, डोकं टेकवलं, कुकवाचा नवा करंडा घिऊन देला. म्हनली, "आता पुन्यांदा असं करशील का?" मी म्हनलं, "न्हाई आत्या." म्हनली, "कावून केलं ते तरी सांग." मी काय सांगू? तुमच्या लेकाच्या खोट्या बायकोवर जळले म्हनू? करंडा पिशवीत घातला.

हे मातुर त्या दिवसाचं काईच बोलले न्हाईत. आन मी परत तिथंच. शेवटी जे रडले ते कुनासाठी? तिच्यासाठी, का माज्यासाठी, का कुकू पुसलं म्हनून सोताच्या जिवासाठी?

पिच्चर गेवराईच्या टाकीजला लागला. आख्खं गाव जीपा भरून गेलं. हे पडद्यावर दिसले की लोक हासायले, शिट्ट्या मारायले, "म्हातारे!" म्हनून वरडायले. मला खोटं बोलता येत न्हाई, मी मनात म्हनत व्हते, हासा, आजून हासा, शेवटपस्तोर हासा. मयताला बी हासा. पन मयत आलं आन टाकीज गप. माजा हात दिसला पडद्यावर, एवडा मोठा, कुकू पुसताना, माज्या तोंडाचा निम्मा भाग, आन मंग ह्यांचं तोंड. माज्या म्होरच्या खुर्चीवरची बाई पदरात तोंड घालून रडायली, आन शेजारणीला म्हनली, "बायकोवर किती जीव असंल गं ह्या मानसाचा." मला तिच्या खांद्यावर हात ठिवून सांगावं वाटलं, बायको हितं मागं बसलीय, ती न्हाई मेलेली.

आन तितून पुडं रोजचंच झालं. पयले लोक म्हनायचे म्हातारी करून दावा. आता म्हनतेत ते रडायचं करून दावा. हे करतेत! च्याच्या हाटेलात, लग्नाच्या मांडवात, ष्ट्यांडवर. "ए, उठ की. च्या गार व्हायलाय," म्हनलं की घळाघळा पानी. परक्या बायायच्या म्होरं. चहावाल्यासाठी बी रडून दावलं, त्येनं च्या फुकट देला. मी एकदा मोबाइलवर बगितलं, साळंच्या गॅदरिंगला पाचशे लोकायम्होरं रडले. सगळ्यायला वाटून टाकलं ते रडनं, मला सोडून.

मंग परवाच्या सोमवारी, दुकानाला सुट्टी व्हती, सासू अंगनात डाळ निवडत व्हती, हे खाटंवर पडलेते. भर दुपार. मी पोरीला खाली ठिवलं, म्हनलं, "मला करून दावा."

"काय?"

"ते रडायचं. समद्यायला दावता. मी मेले असं समजा."

हे हासले. "असल्या आवदसा कशाला आठवतेत तुला? बरं, झोप."

मी खाली फरशीवर आडवी झाले, डोळे मिटले. ह्यांनी खाली बसून माजं डोकं मांडीवर घेतलं, केसातून हात फिरवला, अगदी पिच्चरमदल्यावानी. "ए, उठ की," म्हनले. आन थांबले. मी वाट बगितली. परत म्हनले, "ए, उठ..." परत थांबले. च्या गार व्हायलाय हे आलंच न्हाई.

"व्हईना का?"

"तू हालायली."

"मी न्हाई हालले."

"श्वास चालू हाय तुजा, पोट हालतंय."

"त्या बाईचा बी चालूच व्हता की. तिच्यासाठी चार येळा रडला तुमी."

"तिचं म्हाईत व्हतं मला," हे म्हनले. "कट म्हनलं की उठती ती."

"आन माजं?"

मी डोळे उगडले न्हाईत. म्हनलं, आता उत्तर आल्याबिगर उठायचंच न्हाई, कितीबी येळ लागू दे. पोरगी दुडूदुडू आली आन माज्या तोंडावर चापट्या मारायली. तशी ह्यांनी माजं डोकं मांडीवरून खाली सरकावलं, पार आदळलं म्हना, आन वरडले, "उठ म्हनतो ना! लेकरू बगायलंय! परत असं पडू नको माज्याम्होरं, सांगून ठिवतो!"

लग्नाच्या साडेतीन वर्सांत हे माज्यावर वरडले न्हवते. चेष्टा केली, रुसले, पन वरडले न्हाईत. मी उठून बसले. ह्यांचं तोंड मी बगितलं. ते पिच्चरमदलं तोंड न्हवतं, चांगलं दिसत न्हवतं, राग व्हता, घाबरल्यावानी व्हतं, डोळ्यात पानी बिनी काई न्हाई. पोरीला उचललं आन अंगनात गेले. सासू म्हनली, "काय झालं रे?" म्हनले, "काई न्हाई." आन तितंच पोरीला घिऊन उन्हात उबे ऱ्हायले, चप्पल बी न्हवती पायात.

माज्या डोक्याला मागं टेंगूळ आलंतं. मी दाबून दाबून बगत व्हते, दुखायलं, बरं बी वाटायलं. ज्येचं उत्तर मला पाहिजे व्हतं ते मिळालं का? थोडं मिळालं. सगळं न्हाई.

त्या बाईवर मी आजून जळते, ते काय गेलं न्हाई. ती दिवाळीला फोन करती, पोरीचा फोटू मागती, मी खराबातला खराब फोटू धाडते. आता डायरेक्टर दुसरा पिच्चर करायलाय म्हनं, त्यात बी हे रडनार हायत. बायको कोन ते आजून ठरलं न्हाई. मी ह्यांना सांगितलं, "कोन बी असू द्या, बायको जिती ठिवायची त्यात."

हे म्हनले, "अगं मंग मी रडू कशावर?"

मी म्हनलं, "ते तुमी बगा."